रतनकाकांचा धुराचा ढोल

मी एकदा शेजाऱ्यांची भरताची वांगी दगडी कोळशावर भाजली. लाकडी नव्हे, दगडी. ज्याच्यावर आगगाडी चालते तो. काळा तो काळा, आणि जो एवढी थोरली गाडी सुरतेपासून ओढत आणतो त्याला चार वांगी जड जाणार आहेत होय, असा माझा विचार. नवखी होते असं म्हणायचीही सोय नाही, कारण लग्न होऊन नंदुरबारला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. शिवाय मॅट्रिकला मला शास्त्रात चांगले गुण होते. त्या गुणांची आठवण माहेरी साताऱ्याला कुणी फार कौतुकानं काढलीच, तर मी आजही विषय बदलते.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. नाशिकच्या घरामागं त्यानं एक काळा डबा आणून ठेवलाय. चाकं आहेत, झाकण आहे, झाकणावर घड्याळासारखा काटा आहे. त्याला स्मोकर म्हणतात. मधे काही वर्षं सगळे गॅसवर चालणारे घेत होते, मग विजेवरचे आले, आणि आता म्हणे ज्याला खरी चव कळते तो पुन्हा कोळशाकडे वळलाय. नातू मला हे अगदी नवी बातमी सांगावी तसं सांगत होता. मी मान डोलावत राहिले. मनात म्हटलं, बाळा, ही चढउतर मी एका गल्लीत, एका माणसापायी पुरती पाहिलेली आहे.

तो माणूस म्हणजे रतनकाका.

आमचं बिऱ्हाड स्टेशनाजवळच्या एका गल्लीत होतं. आमचे हे रेल्वेच्या मालगोदामात कारकून. मधे छातीभर उंचीची भिंत, आणि भिंतीपलीकडे रतनकाका नि जमनाकाकी. जात गुजर, मूळ गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे. शेती भावाकडे सोपवून काका शहरात जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. काम असं की बैलगाडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून हळूहळू ताणायचा आणि धागा किती लांब निघतो ते बघून गाडीचा दर्जा सांगायचा. ही सवय त्यांच्या अंगठ्यांत इतकी मुरली होती की समोर येईल ते ते ताणून बघत. भाकरी ताणत. गूळ ताणत. दिवाळीला मी अनारसे केले तर काकांनी एक उचलला, दोन अंगठ्यांत धरला आणि म्हणाले, "तार आखूड शे, सूनबाई."

घरात ते कधी कधी गुजरी बोलत, पण गल्लीत सगळ्यांची बोली अहिराणी, तशी त्यांचीही. आहे म्हणायचं तर 'शे', आली म्हणायचं तर 'उनी', माझं म्हणायचं तर 'मन्हं'. मी साताऱ्याची. सुरुवातीला मला त्यातलं निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं मी कळल्यासारखं करायची. यातूनच पुढं अर्धे घोटाळे झाले.

जमनाकाकींना दमा होता. चुलीपुढं बसल्या की छाती भरून यायची. डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितली, तेव्हा काकांनी दुसऱ्या दिवशी पितळी स्टोव्ह आणला. गल्लीतला तो पहिला स्टोव्ह. आम्ही बायका तो बघायला गेलो होतो. दमा थांबला, पण काकींचं जेवणही थांबल्यासारखं झालं. "स्टोवनी खिचडी खाधी का माले दवाखानामा बठेल वाटस," असं म्हणून ताट सरकवायच्या. त्या मुलखात हिवाळा आला की लांबट, हिरवी, गुबगुबीत वांगी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजतात, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत कुटतात आणि ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या, भाकरीशी खातात. काकी त्या जेवणावर वाढलेल्या. स्टोव्हच्या निळ्या जाळावर भाजलेलं वांगं त्यांनी एकदा चाखलं आणि म्हणाल्या, "हाई वांगं नही, वांगानं भूत शे." अंगानं त्या उतरत चालल्या. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

काकांनी यावर एक वाक्य पक्कं केलं होतं आणि येईल त्या-जाईल त्याला ते ऐकवत. "धूर पोटमा जावाले पाहिजे, छातीमा नही." बस, एवढंच करायचं होतं. बायकोच्या पोटात धूर घालायचा आणि छातीत जाऊ द्यायचा नाही. बाकीचं सगळं आयुष्य जणू त्यासाठीच मोकळं ठेवलं होतं.

त्या वर्षी तळोद्याकडच्या सडकेवर डांबर पडत होतं. काकांनी तिथून एक रिकामा ड्रम मिळवला आणि सुलेमानभाईंकडे नेला. सुलेमानभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले पत्र्याचे कारागीर. बादल्या, चाळण्या, पेट्या करायचे, आणि काकांची नि त्यांची दोस्ती अशी की रोज भांडल्याशिवाय दोघांना चहा गोड लागत नसे. ड्रमला खाली कोळशाचं दार, मधे जाळी, वर घट्ट झाकण आणि झाकणातून निघून घराच्या कौलांच्याही वर जाणारं लांब धुराडं, असा बेत ठरला. म्हणजे वांगी धुरात राहतील आणि धूर काकींच्या डोक्यावरून निघून जाईल.

"रतनभाई, पहले आठ-दस दिन खाली जलने दो. डांबर है अंदर," सुलेमानभाई म्हणाले.

"दखू तं खरं, काय व्हस!" काका म्हणाले. हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिलं वाक्य काकींसाठी, दुसरं स्वतःसाठी. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी वांगी आत ठेवली.

भरीत झालं. पहिला घास सुलेमानभाईंनी घेतला. बराच वेळ तोंडात धरला, मग ओंजळीत परत काढला.

"ये तो तळोदे की सडक है, रतनभाई. आधी मैंने खा ली. आधी आप खाओ."

काकांनी खाल्लं. नुसतं खाल्लं नाही, हट्टानं संपवलं, आणि दोन दिवस ढेकरांतून डांबर काढत राहिले. मग मात्र ड्रम आठवडाभर रिकामा जाळला. त्यानंतर पहिल्यांदा जे भरीत झालं ते काकींनी अख्ख्या भाकरीबरोबर खाल्लं. मी भिंतीवरून बघत होते. काका जेवत नव्हते, काकींच्या तोंडाकडे बघत होते आणि बोटांनी हवेतला कापूस ताणत होते.

गल्लीनं त्या ड्रमला 'ढोल' नाव दिलं. एका हिवाळ्यात ढोल घराघरांत गेला. आधी पलीकडच्यांनी केला, मग त्यांच्या शेजाऱ्यांना राहवेना. सुलेमानभाईंनी स्वतःच्या परसात एक केला आणि त्यात ईदला कबाबाच्या शिगा लावल्या. संध्याकाळी परसापरसांतून धूर निघायला लागला की गल्ली गाडी सुटायच्या बेतात असल्यासारखी दिसे. ज्याच्या घरी ढोल नाही तो मागासलेला, अशी तेव्हाची समजूत. आमच्याकडेही आला. आमच्या ह्यांना धुराचा त्रास व्हायचा, पण लोक काय म्हणतील.

काका मात्र इतरांसारखे वांग्यांवर थांबले नाहीत. कणसं झाली, पेरू झाले. गूळ ठेवला तो जाळीतून वितळून खाली कोळशावर पडला आणि पुढं आठवडाभर मुंग्यांची रांग परसात मुक्कामाला होती. एकदा दुधाचं पातेलं ठेवून त्या दुधाचा चहा केला. आमच्या ह्यांचे वरिष्ठ घरी आले होते, त्यांना काकांनी भिंतीवरून कप दिला. साहेबांनी घोट घेतला, कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "वहिनी, घरात कुठं काही पेटलंय का?"

सातपुड्यातून, तोरणमाळच्या बाजूनं लाकडी कोळशाची पोती तळोद्याच्या बाजारात येत. काका स्वतः जाऊन आणत आणि घरी जातवार निवडत. धावड्याचा इकडे, खैराचा तिकडे, बाभळीचा कोपऱ्यात. तुकडा तुकड्यावर आपटून आवाज ऐकायचा. बांगडीसारखा किणकिणला तर उत्तम, भदभदला तर परत पोत्यात. प्रत्येकाच्या धुराची चव वेगळी आणि आपल्याला ती डोळे मिटून ओळखता येते, असा त्यांचा दावा होता. मला खोडी सुचली. एका दुपारी ते झोपले असताना मी भिंतीवरून उतरून धावडा नि बाभूळ यांची अदलाबदल केली. संध्याकाळी काकांनी घास घेतला, डोळे मिटले.

"धावडा. वाह! धावडाना घास लगेच समजस."

"काका, ती बाभूळ आहे," मी म्हटलं.

डोळे न उघडता म्हणाले, "मंग आज हवा उलटी शे."

काकी पदरात तोंड घालून हसल्या. त्या हसल्या की लगेच खोकला यायचा, म्हणून हसणंही अर्ध्यावर आवरत. मला त्या काळात वाटायचं, यांचं पुरतं हसू मी कधी ऐकणारच नाही.

मग मिरच्यांचा प्रकार झाला. काकांना धुरातल्या लाल मिरच्या हव्या होत्या. हवा खरंच उलटी होती, कारण धुराड्यातून निघालेला धूर वर न जाता आमच्या दोन्ही घरांत उतरला. सगळी गल्ली शिंकत रस्त्यावर आली. काकी आल्या नाहीत. काका आत धावले तेव्हा त्या जमिनीवर बसून श्वास ओढत होत्या आणि ओढलेला श्वास पुरत नव्हता. डॉक्टर येऊन गेल्यावरही काका उंबऱ्यावरच बसून होते. "दखू तं खरं" हे शब्द त्यानंतर बरेच दिवस मी ऐकले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली. ढोल पेटवायच्या आधी खिशातून कापसाची चिमूट काढायची, ताणून अगदी जाळीसारखी विरळ करायची आणि हवेत सोडायची. ती काकींच्या खिडकीकडे वळली तर ढोल पेटवायचा नाही. पाहुणे आलेले असोत, वांगी धुऊन ठेवलेली असोत, सगळं परत टोपलीत. सगळ्या गल्लीनं चेष्टा केली. सुलेमानभाई म्हणत, "हवाई दफ्तर खुल गया भाई, आज रोटी पकेगी या नहीं, पूछ के आओ." काका कापसाच्या मागं बघत राहायचे. त्यांना ऐकूच जायचं नाही.

आणि मग फॅशन फिरली. फिरवण्यात माझाही हात होता, हे मान्य करते. घरोघर स्टोव्ह आले. मासिकांत टापटीप स्वयंपाकघरांची चित्रं येत होती, आणि मी ती गल्लीतल्या बायकांना दाखवत फिरायची. केसांना धुराचा वास म्हणजे खेडवळपणा, असं मीच म्हणाले. ढोलवाली घरं आणि स्टोव्हवाली घरं असे दोन तट पडले नि मी दुसऱ्या तटाची पुढारीण. एकेक ढोल निवृत्त झाला. कुणाच्यात कोंबड्या बसल्या, कुणाच्यात गहू, आमच्यात जुन्या चपला. सुलेमानभाईंनी स्वतःचा फोडून त्याच्या बादल्या केल्या आणि त्या बादल्यांतलं पाणी, ते म्हणायचे, उन्हाळ्यातही जरा कबाबासारखं लागतं.

काकांचा ढोल तेवढा राहिला. त्यांना फॅशन चढल्याचंही कळलं नव्हतं, त्यामुळे उतरल्याचं कळायचा प्रश्न नव्हता.

एका पावसाळ्यात काकींचा दमा फार बळावला. त्यांना प्रकाशाजवळ काकांच्या भावाकडे नेऊन ठेवलं, नदीकाठची हवा चांगली म्हणून. काका एकटे. ढोल गंजू नये म्हणून रोज फडक्यानं पुसायचे, पण पेटवायचे नाहीत. भावाकडून निरोप यायचा की जमना खात नाही. पेज घेते, तीही निम्मी. हिवाळा लागला नि निरोप आला की ती घरी यायचं म्हणतेय. काकांनी बाजारातून वांगी आणली ती एकेक हातात घेऊन, जणू मुलगी बघायला गेलेत.

काकी येणार त्या दुपारी काकांनी कापूस सोडला. हवा आमच्या बाजूची, काकींच्या खिडकीपासून दूर. ढोल पेटवला, कोळशाचा सुरुवातीचा धूर मरू दिला, वांगी मांडली. मग त्यांना एस.टी. स्टँडवर जायचं होतं, आणि सुलेमानभाई नेमके गावाला गेलेले. काकांनी भिंतीवरून मला हाक मारली.

"सूनबाई, जराखी आठे येस का? काहीच करू नको. नुसती बठी ऱ्हाय."

काहीच करू नको हे जगातलं सगळ्यात सोपं काम मला जमलं नाही. बस उशिरा येत होती. खालचे निखारे मंद वाटायला लागले. शेजारी धावड्याच्या कोळशाची पाटी भरलेली होती, पण मला वाटलं, हा हळूबाई कोळसा कधी पेटणार? काकी दारात येतील तेव्हा वांगी कच्ची असतील. आमच्या न्हाणीत बंबासाठी दगडी कोळशाचं पोतं होतं, स्टेशनाकडून वेचून आणून विकणाऱ्या बाईकडून घेतलेलं. मी पदर खोचला, एक घमेलं भरून आणलं आणि ढोलाच्या दारात ओतलं. वारा घातला. आपण किती कामाच्या आहोत असं मला त्या क्षणी जे वाटलं, ते पुन्हा आयुष्यात वाटलं नाही.

पहिल्यांदा पिवळट धूर निघाला. मग दाट काळा. वास आला तो इंजिनात डोकं घातल्यासारखा, सडक्या अंड्यांसारखा. झाकण उघडलं तर वांग्यांवर काजळीचा थर बसलेला, तेलकट. मी पाणी ओतायला धावले. पाण्यानं जो फुस्सकन लोट उठला त्याचं वर्णन करत नाही. आणि हवा? हवा फिरली होती. तो सगळा लोट भिंतीला लागून काकांच्या पुढच्या दाराकडे चालला होता. मी कापूस कशाला सोडतेय!

त्याच वेळी टांगा दारात थांबला.

मी पुढं पळाले तर काकी उतरून ओट्यापाशी पोचल्या होत्या, धूर त्यांच्या अंगावरून जात होता, आणि काका माझ्याकडे नाही, ढोलाच्या दिशेला बघत होते. काकी ओट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले, जोरजोरात, थांबेचनात. काका पाणी आणायला धावले, गडबडीत तांब्या सांडला, पुन्हा भरायला धावले. मी तिथंच उभी. मनात एकच, मी या बाईला मारलं.

काकींनी पदर काढला. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. श्वास घेतला, आख्खा.

"काय वं," त्या मला म्हणाल्या, "आगगाडी घरमा उनी का काय?"

आणि पुन्हा हसायला लागल्या. हसतच होत्या त्या, पहिल्यापासून. अर्ध्यावर न आवरता, मान मागं टाकून. काका भरलेला तांब्या घेऊन दारात उभे. हसू संपलं तेव्हा आम्ही तिघं खोकल्याची वाट बघत राहिलो. आला नाही.

"माले भूक लागनी," काकी म्हणाल्या.

त्या वांग्यांना कुत्र्यानंही तोंड लावलं नाही. काकांनी ढोल घासला, धुतला, अंधार पडता पडता धावडा नव्यानं पेटवला, कापूस दोनदा सोडून बघितला. काकी जेवल्या तेव्हा कुटायचं काम मला दिलं होतं. कोळशाच्या पाटीपाशी जायला मनाई होती. मला कुणी रागावलं नाही, पण त्यानंतर मी भिंतीवरून डोकावले तरी काका कोळशाची पाटी पायानं हळूच आपल्या मागं सरकवत. वर्षानुवर्षं सरकवत राहिले.

पुढं रॉकेल मिळेनासं झालं. डबे घेऊन रांगा लागल्या, स्टोव्ह कोरडे पडले. मग एकेका परसातून कोंबड्या बाहेर निघाल्या. बायका मला चुकवून काकांकडे विचारायला जात, ढोलाला आतून काय लावायचं, गंज कसा काढायचा. मी आमच्यातल्या चपला काढल्या तेव्हा काका भिंतीवरून बघत होते. त्यांनी दोन अंगठे जुळवून हवेत काहीतरी ताणलं आणि मान हलवली. माझी तार आखूड निघाली होती.

आमच्या ह्यांची भुसावळला बदली झाली. निघायच्या सकाळी काका स्टेशनावर आले. काकी आल्या नव्हत्या. फलाटावर इंजिनाचा धूर असतो म्हणून काकांनीच येऊ दिलं नव्हतं. काकींनी फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि भरताचा डबा पाठवला होता. डबा अजून गरम होता. काका आमच्या ट्रंका मोजल्यासारखं करत फलाटावर इकडून तिकडे फिरले.

इंजिनानं शिट्टी दिली आणि धुराचा मोठा लोट सोडला. काकांनी सवयीनं खिशातून कापसाची चिमूट काढली, ताणली आणि सोडली. ती फलाटावरून तरंगत निघाली, तारेच्या कुंपणावरून, थेट आमच्या गल्लीच्या दिशेला. मी खिडकीतून बघत होते. मी डोकं बाहेर काढलं. ओरडले, काका, धूर तर घराकडेच चाललाय, तुम्ही आधी पळा, काकींची खिडकी लावा.

काका कापसाकडे बघत उभे राहिले. गाडी हलली. खिडकीबरोबर दोन पावलं चालत आले, आणि म्हणाले,

"चालू दे, सूनबाई. गाडीना धूर गल्लीमा उना का तुले याद करीसन तुन्ही काकी हासस. खोकत नही. हासस."